बोटभर खोल चाकोरी

“बाई, तोफ गेली! आणि माझ्या घोवाक मिलिटरीवाल्यांनी धरून नेल्यानी.”

विमला शाळेच्या उंबऱ्यावर उभी होती. कामगारांच्या चाळीपासून पळत आली असावी, छाती भात्यासारखी चालली होती. विनोदिनीबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. वर्गातली कुजबूज थांबली.

“तोफ गेली म्हणजे? चालत गेली?”

“काय सांगू, बाई! काल तिन्हीसांजेक तालमेची घांट वाजली. सगळी चरात जावन् पडली. माझो घोव पण गेलो. दुसरी घांट झाली तसो भायर इलो, तर टेकडेर तोफ नाय. आता म्हणतत, तूच ती दुश्मनाक दिलंस. दुश्मन हंय खंय आसा ओ, लाटंबार्शात?”

एकाहत्तर सालचा मार्गशीर्ष होता तो. लढाई जुंपली होती. दिचोलीपासून पेडण्यापर्यंत घरोघरी जनेलांच्या, म्हणजे खिडक्यांच्या, काचांना काळे कागद चिकटवलेले. दिवेलागणीला दिवा लावायचा नाही आणि ‘तालीम’ म्हणून देवळाची घांट वाजली की चरात उतरून मातीत तोंड घालायचं, कानांत बोटं घालायची. दुसरी घांट होईपर्यंत उठायचं नाही. गावच्या संरक्षणाचं काम बाईंकडेच सोपवलं होतं, म्हणून लोक हसत का होईना, पण पाळत असत.

आणि एवढ्याशा गावाला लढाईची धग का, तर वरच्या पठारावरचा कारखाना. विमानांचे सुटे भाग तिथे जोडले जात. शत्रूचं विमान आलंच तर ते त्याच्यावर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तोफा कुठे ठेवायच्या हे ठरवायला दिचोलीला मामलेदार कचेरीत बैठक झाली होती. मेजर रणनवरे फलटणकडचे, रोखठोक बोलणारे. त्यांनी नकाशावर छडी टेकली. दोन तोफा कारखान्याला. एक कामगारांच्या चाळींमागच्या टेकडीवर.

“आणि गावाला?” गावचे प्रमुख गावकर कृष्णनाथ गावस यांनी विचारलं होतं.

“गावात काय आहे?”

“शाळा आहे, साहेब.”

विनोदिनीबाईही उठून उभ्या राहिल्या होत्या. टेकडीवरची तरी शाळेकडे सरकवा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं होतं. मेजरांनी छडी काखेत घेतली. “मिळालं ते वाटलंय, बाई. मागितलं होतं ते नाही.”

टेकडीवरच्या तोफेपाशी राखणीला विठूला नेमलं. विठू बांद्याकडचा. आधी पाळी गावच्या खाणीवर होता, मग कारखान्यात हमाली करू लागला. त्याची बायको विमला आणि दोन पोरं त्या टेकडीखालीच राहत.

“तू घरी जा,” बाई विमलाला म्हणाल्या. “मी बघते.”

वाटेत देवळापाशी चार माणसं जमलेलीच होती. “भायलो मनीस तो,” एकजण म्हणाला, “आमी तेन्नाच सांगलेलें.” कधी सांगितलं होतं ते कुणी विचारलं नाही.

*

कारखान्याच्या फाटकाजवळ मेजरांचा तंबू होता. पूर्वेच्या अंगाच्या तोफेला जवान तेलपाणी करत होते. सरावाला दर खेपेस तीच वाजे. पश्चिमेची ताडपत्री पांघरून उभी होती आणि तिच्या नळीवर कावळा बसला होता.

“शाळा सोडून इकडं कुठं, बाई?”

“विठूला भेटायचंय.”

“नाही भेटता यायचं. दुपारच्या ट्रकनं त्याला बेळगावला धाडतोय.”

“कशाबद्दल?”

“ते सांगता येणार नाही.”

“तोफ चोरीला गेली हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे, मेजरसाहेब. आता गुपित काय राहिलं?”

मेजरांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “तेच तर राहिलंय,” ते म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, शिपायाला हाक मारून विठूच्या खोलीचं कुलूप काढायला सांगितलं.

विठू भिंतीशी उकिडवा बसला होता.

“घांट वाजली तेव्हा तू कुठं होतास?”

“तोफेकडे. तेचां तोंड फिरवन् झाल्ला, इतक्यात घांट झाली.”

“तोंड फिरवायचं कशाला?”

“रोज सांजेक फिरवूक लागता. साहेबाचो हुकूम.”

“कोण फिरवायचं?”

“मीच.”

“एकटा?”

विठूने दारातल्या शिपायाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “तोफेबद्दल माका बोलूचो हुकूम नाय, बाई.”

“बरं. चरात असताना काही ऐकलंस?”

“तुमीच शिकवलास मां, कानात बोटां घालूची? काय ऐकतलंय?”

बाईंना हसू आलं नाही. “कुणावर संशय?”

“हंय माझो कोण वळखीचो आसा संशय घेवक?” तो म्हणाला. मग एकदम आवाज पडला. “बाई, बेळगावाक नेल्यार माका परत हाडतत मां?”

बाईंनी पदर सावरला. त्या उठल्या.

*

टेकडीवर सगळा कातळ. तिथे माणसाच्या पावलाचं नाव नाही की खुराचं. पण टेकडी उतरली की वायंगणाचं, उन्हाळी भाताचं, शेत लागतं, आणि मार्गशीर्षात ते चिखलाने भरलेलं असतं. मेजरांच्या हवालदाराने तिथेच चाकोरी पाहिली होती आणि ‘बैल जोडून नेली’ असा निकाल देऊन तो परतला होता.

बैल होते, हे खरंच. बाई बांधावर बसून बघत राहिल्या. टेकडीकडे गेलेले खूर दोन जोडांचे होते, एकामागे एक. नुसतेच खूर, चाकं नाहीत. परत येताना तेच दोन जोड, आणि मागे दोन चाकांच्या रेघा. पुढे ओहळ होता. त्यात सगळंच नाहीसं झालं होतं.

रेघा. चाकोरी म्हणवत नव्हतं त्यांना. बाईंनी पदर खोचला, वाकून चाकोरीत बोट घातलं. पेरं बुडेपर्यंतच गेलं. शेजारून कुणाची तरी शेणखताची गाडी गेलेली होती. तिची चाकोरी वीतभर खोल होती.

लोखंडी तोफ शेणाच्या गाडीहून हलकी?

मग त्यांना विठूची खाली गेलेली मान आठवली. तो रोज एकट्याने तोफेचं तोंड फिरवत होता. मेजरांच्या तोफेला तेलपाणी करायलाही चार जवान लागत होते.

बाई बांधावर तशाच बसून राहिल्या. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या मुलांना सांगत, घाबरायचं नाही, टेकडीवर तोफ आहे. मुलं खिडकीतून तिकडे बघत आणि पाटीवर तिचं चित्र काढत. चांगलं काढत.

लाकडाची होती ती.

उन्हं चढत होती. ट्रक दुपारी निघणार होता. त्या भानावर आल्या. तोफ लाकडाची, हे एक. दुसरं त्याच्या पुढचं. माणूसभर वजनाच्या त्या सोंगाला दोन जोड बैल कुणी आणले? ज्याला ती लोखंडाची वाटत होती त्याने. विठूला बैल लागलेच नसते. मेजरांना, मामलेदारांना लागले नसते. म्हणजे चोर गुपित जाणणारा नव्हताच. तो गावातला, रोज मान वर करून त्या तोफेकडे बघणारा कुणीतरी होता.

पण कोण? दोन जोड बाळगणारी घरं गावात होती, आणि वायंगणाच्या दिवसांत एकमेकांचे बैल नेण्याची रीतही होती. खुरांवरून मालक सांगता येत नाही.

*

विनोदिनीबाई मूळच्या मये गावच्या. लाटंबार्शात त्या कृष्णनाथ गावसांच्याच सोप्यातल्या खोलीत राहत, आणि जेवण प्रभावतीवयनींच्या हातचं. त्या दिवशी जेवायला गेल्या त्या भुकेपोटी नव्हे, तर जरा सावलीत बसून विचार करायला.

“जेवात गो,” प्रभावतीवयनी म्हणाल्या. “एक तुमी तरी जेवात. हांगा घरधनी कालधरून शिताक शिवूंक ना.”

“बरं नाही का?”

“कोण जाणा! काल तालमेक घांट जाली, तर चरांत येवंक ना. बैल भियेतात म्हण गोठ्यांतूच रावले. रातीं आयले ते कुळागरांतल्यान, आंगभर चिखल. हांव म्हणलें, बैलां वांगडा तुमीय भियेले कितें?”

त्या हसल्या. बाईंनीही हसायचा प्रयत्न केला, आणि हात धुवायला मागे कुळागरात, पोफळीच्या बागेत, गेल्या.

पोफळींच्या सावलीत पाणी खळखळत होतं. उभ्या चिरलेल्या पोफळीच्या खोडांचे पाट एकातून एक लावत नेलेले. जुने पाट शेवाळून काळे-हिरवे झाले होते. एक मात्र नवा होता. आतला गर पिवळसर, आणि बाहेरची कड तासलेली. झाडाची साल कुणी तासत नाही. पाटाची साल तासून काय करायचं?

गडी धाकू आळ्यात माती ओढत होता.

“धाकू, ही पोफळ कधी तोडली?”

“तोडूंक ना, बाये. वाऱ्यान पडली.”

त्या महिन्यात पोफळीचं पान हलेल एवढाही वारा सुटला नव्हता. सुपारी उतरवायचे दिवस. फळाला आलेलं झाड कृष्णनाथ गावस आपण होऊन कधीच तोडणार नाहीत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ओल्या कडेवरून हात फिरवला. एका फटीत रंग राहून गेला होता. मिलिटरीचा हिरवा.

“धाकू, घरधनी कुठं आहेत?”

“मेजराकडे. विठूच्या पंचनाम्याक पंच म्हण आपयलां.” एवढं बोलून धाकूने पुन्हा मान खाली घातली. बाईंनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

*

ट्रक फाटकात उभा होता. विठूचे हात बांधले होते. तंबूत कृष्णनाथबाब टोपी मांडीवर ठेवून बसले होते, आणि मेजर कागद त्यांच्यापुढे सरकवत होते.

“साहेब, शिपायाला बाहेर पाठवा,” बाई म्हणाल्या.

“बाई, आता उशीर झालाय.”

“तोफ कशाची होती ते मी त्याच्यासमोर बोलू?”

मेजरांचा हात थांबला. शिपाई बाहेर गेला.

“तोफ लाकडाची होती,” बाई म्हणाल्या. “पोफळीच्या खोडाची नळी आणि गाडीची चाकं. तुम्हाला वाटतंय, विठूने ते गुपित फोडलं आणि पुरावा म्हणून तोफच शत्रूच्या माणसाला दिली. म्हणून तुम्ही घाबरलात. तोफेला किंमत नव्हतीच, गुपिताला होती.”

कृष्णनाथबाबांनी मांडीवरची टोपी उचलली आणि पुन्हा ठेवली.

“पण चोराला ते गुपित माहीतच नव्हतं. खालच्या शेतात जाऊन बघा. टेकडीकडे दोन जोड बैल गेलेत. जे विठू एका हाताने फिरवत होता ते ओढायला दोन जोड कुणी नेईल? ज्याला ते ओझं लोखंडाचं वाटलं, त्यानेच. आणि परतीची चाकोरी बघा, जेमतेम बोटभर.”

“मग चोर कोण?”

“ज्याला तालमीची वेळ ठाऊक होती. त्या वेळी सगळं गाव मातीत तोंड घालून असतं, हे ठाऊक होतं. आणि जो स्वतः चरात नव्हता, कारण त्याचे बैल घाबरतात असं त्याने घरी सांगितलं होतं. बैल तर घांट ऐकत टेकडी चढत होते.” बाईंनी कृष्णनाथबाबांकडे पाहिलं. “तोफेची नळी आता त्याच्या कुळागरात आहे. उभी चिरून, रंग तासून, पाण्याच्या पाटात बसवलीय. जिथे आधीच शंभर पाट आहेत, तिथे एकशे एकावा कोण बघणार? धाकू म्हणतो, पोफळ वाऱ्याने पडली. वारा कुठे होता, कृष्णनाथबाब?”

बाहेर ट्रकचं इंजिन चालू झालं, मेजरांनी ओरडून ते बंद करायला लावलं.

“शाळेकडे नेणार होतो,” कृष्णनाथबाब म्हणाले. “देवळामागच्या उंचवट्यावर. एकदा तिथे बसवली की गाव हलवू देणार नाही, असं वाटलं होतं. बैठकीत तुम्हीच हात जोडलेले, बाई. मी बघितलं ते.”

“मग?”

“बैल जुंपले. ओझं भारी म्हणून बैलांना जोराने हाकलं. एका हिसक्यात नळी तुटून आली. पोकळ. धाकूने खांद्यावर घेतली, वाशासारखी.” त्यांची भाषा इथे घरची झाली. “परत दवरतलों कशी? सकाळीं सगळ्यांनी पळयली आसती मोडलेली पोफळ. म्हणून सगळेंच घेवन आयलों.”

“आणि विठू?”

“खरें सांगलें तर आख्ख्या गावाची न्हीद वता. एका विठूच्या बंदीपरस...”

“विठू बाहेरचा म्हणून?”

ते मांडीवरच्या टोपीची घडी घालत राहिले.

मग ते मेजरांकडे वळले. “मला धरा, साहेब. पण एक खरीखुरी तोफ शाळेला द्या. कारखान्याला दोन आहेत. यंत्रांना दोन आणि पोरांना एकही नाही?”

मेजर तंबूच्या दारापर्यंत गेले. बाहेर पाठ करून उभे राहिले.

“आठ मागितल्या होत्या,” ते म्हणाले. “आली एक. पूर्वेची. पश्चिमेची तुमच्या पोफळीचीच बहीण आहे. माझे जवान तिच्यापाशी पहारा करतात ना, ते तिकडं बघून सलाम ठोकतात आणि हसू दिसू नये म्हणून मला तोंड दाखवत नाहीत.”

बाईंना नळीवर बसलेला तो कावळा आठवला. पोकळ नळीवर तो किती निवांत बसला होता.

“म्हणजे विमान आलंच तर?” त्यांनी विचारलं.

“तर तुमच्या चरात तोंड घालायचं. मीही तेच करणार.” मेजर मागे फिरले. त्यांनी पंचनामा उचलून फाडला. “गावस, तुम्हाला धरलं तर का धरलं ते सांगावं लागेल. म्हणून धरता येत नाही. तुमच्या कुळागरातली एक सरळ पोफळ उद्या इथं पोचवा. विठूला सोडतो. पण या तंबूतलं एक अक्षर बाहेर गेलं, तर तो पुन्हा ट्रकमध्ये बसेल. कबूल, बाई?”

बाईंनी ट्रककडे पाहिलं. विठू दोरी बांधलेल्या हातांनी डोळ्यांवर आलेलं ऊन अडवत होता.

“कबूल,” त्या म्हणाल्या.

*

विठूला घेऊन त्या चाळीवर आल्या, तेव्हा विमलाने संसार बांधला होता. एक ट्रंक, एक बोचकं, दोरीने बांधलेला स्टोव्ह. नवऱ्याला बघून तिने तोंडात पदर कोंबला. पोरं त्याच्या पायांना चिकटली.

“बांद्याक जातंव आमी,” ती म्हणाली. “आता हंय एक दीस रवूचा नाय. तोफ नाय तर कोणाच्या जीवार रवूचा? बाई, कोणी नेल्ली ती?”

“कुणी नाही,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “मिलिटरीनेच दुरुस्तीला नेली होती. विठूला सांगायचं राहून गेलं. साहेबांनी माफी मागितली.”

“मगे परत हाडतले?”

विठू पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. तो बाईंकडे बघत होता. सारा चाळीचा पट्टा दारांत आला होता आणि सगळेच बाईंकडे बघत होते. बाई खोटं बोलत नाहीत, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

“दोन दिवसांत येईल,” बाई म्हणाल्या. “पहिल्यापेक्षा चांगली.”

“खरां मां, बाई? तुमी सांगतास म्हणान रवतंव.”

विमला खाली बसली आणि बोचक्याच्या गाठी सोडू लागली. एक गाठ घट्ट बसली होती, दातांनीही सुटेना. विठू तिच्याशेजारी बसला आणि त्याने ती सोडवून दिली.